वखारीतील गाड्या आपली वाट कशी ठरवितात?
(वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा पाठ)



दरवर्षी ह्या व्यासपीठावरून एखादे डॉक्टर, वकील अथवा प्राध्यापक आपणांस चार शब्द सांगत असतात. यंदा कार्यवाहांनी ते काम आमच्यासारख्या निवृत्त शाळामास्तरावर सोपविले आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यावर अध्यापनाचा अभ्यासक्रम आणि पुढे सारा जन्म खडू-फळ्याचा. असे असता मोठमोठ्या स्वयंचलित वखारींत चालकावाचून धावणाऱ्या गाड्यांविषयी आम्ही बोलणार हे कळल्यावर मंडळातील कित्येकांनी आमच्याकडे जरा निरखूनच पाहिले. ह्या विषयाचा आपल्या ज्ञातीशी संबंध काय, असा प्रश्न त्यांच्या मनात आला असेल. तो संबंध प्रथम सांगणे प्राप्त आहे.

गेल्या वर्षी ह्याच संमेलनात भोजनाच्या पंगतीस आमचे एक जुने विद्यार्थी आमच्या शेजारी बसले होते. ते भिवंडीकडील एका वखारीत नोकरीस आहेत. हातातील यंत्रावर मालाची यादी उमटते, ती पाहून मांडण्यांच्या रांगांतून हिंडावयाचे, एकेक वस्तू काढून ढकलगाडीत टाकावयाची आणि बांधणीच्या टेबलाशी आणून द्यावयाची, हे त्यांचे काम. जेवता जेवता ते म्हणाले, "गुरुजी, आमच्याकडे बोलवा आहे की पुढे हे चालावयाचे काम गाड्याच करणार. मग आम्ही काय करावयाचे?" आम्हांस काही उत्तर सुचले नाही. "पाहू या," असे काहीसे पुटपुटून आम्ही मठ्ठ्याची वाटी तोंडास लावली. वर्गात उत्तर न आल्यास आम्ही मुलांना बाकावर उभे करीत असू, त्याची आठवण त्या दिवशी झाली.

आपल्या सभासद कुटुंबांपैकी वखारी, गुदामे आणि मालवाहतूक ह्यांवर ज्यांची चूल पेटते अशी घरे थोडीथोडकी नाहीत. तेव्हा वर्षभर जमेल तसे वाचले, विचारले. आमची पुतणी पुण्यास संगणकाच्या ह्याच प्रकारच्या कामात आहे. तिने दिवाळीच्या सुट्टीतील चार दिवस बुद्धिबळाचा पट, चिंचोके आणि कवड्या घेऊन आम्हांस शिकविण्यात घालविले. जे समजले ते सांगतो. चुकले तर दोष आमचा, तिचा नव्हे.

ह्या गोष्टीचा आरंभ अमेरिकेतील एका अपयशात आहे. घरबसल्या मागणी नोंदवावी आणि वाणसामान दारी यावे, असा धंदा वेबव्हॅन नावाच्या कंपनीने काढला होता. ती २००१ साली बुडाली. तेथे काम केलेल्या मिक माउंट्झ ह्या गृहस्थांच्या मनात एक विचार घर करून राहिला. वखारीतील कामगाराचा सुमारे निम्मा वेळ केवळ चालण्यात जातो. माणसाने वस्तूकडे जाण्याऐवजी वस्तूच माणसाकडे आली तर? २००३ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यात कीव्हा सिस्टिम्स ही कंपनी काढली. पीटर वुर्मन आणि रफाएलो डिआंद्रेआ हे दोघे जाणकार त्यांस येऊन मिळाले. २०१२ साली ॲमेझॉनने ७७ कोटी ५० लक्ष डॉलर मोजून ती कंपनी विकत घेतली.

त्यांची गाडी म्हणजे पाटासारखी बसकी, नारिंगी रंगाची, चाकांवरची एक पेटी. ती मालाच्या उभ्या मांडणीखाली शिरते, मांडणी उचलते आणि चालू लागते. उचलण्याची युक्ती मोठी मौजेची आहे. गाडी स्वतःभोवती गरगर फिरते, तिच्या माथ्यावरील मळसूत्र उलट दिशेने फिरते, आणि मांडणी जागच्या जागी स्थिर राहून केवळ वर उचलली जाते. वरच्या बरण्या हिंदकळतसुद्धा नाहीत. जमिनीवर ठरावीक अंतरावर सांकेतिक ठिपक्यांची चिकटचित्रे लाविलेली असतात. गाडीच्या पोटाखालचा कॅमेरा ती वाचतो आणि आपण कोणत्या घरात आहो हे गाडीस कळते. वर पाहणारा दुसरा कॅमेरा डोक्यावर कोणती मांडणी आहे हे ओळखतो. म्हणजे सारी वखार हा एक विस्तीर्ण पट, आणि गाडीने एका घरातून शेजारच्या घरात जावयाचे.

आता वाटेचा प्रश्न. एकच गाडी असेल तर तो केव्हाच सुटलेला आहे. १९५६ साली एड्‌स्खर डायक्स्ट्रा हे सव्वीस वर्षांचे डच गणिती आपल्या वाग्दत्त वधूबरोबर ॲमस्टरडॅममध्ये खरेदीस गेले असता, दमून एका उपाहारगृहाच्या अंगणात कॉफी घेत बसले. रॉटरडॅमहून ग्रोनिंगनला जाण्याची सर्वांत जवळची वाट कशी काढावी, ह्याची रीत त्यांनी तेथे वीसएक मिनिटांत, कागद-पेन्सिलीवाचून, मनातल्या मनात रचली. १९५९ साली ती छापून आली. जमिनीवर पाणी सांडले असता ते जसे जवळची जागा आधी भिजवीत चोहोकडे पसरते, तशी ही रीत निघाल्या स्थळापासून पसरत जाते. १९६८ साली हार्ट, निल्सन आणि राफेल ह्या तिघांनी कॅलिफोर्नियात तीत एक सुधारणा केली. पुढे उरलेल्या अंतराचा अंदाज हाताशी धरावा, म्हणजे पाणी भलतीकडे न पसरता मुक्कामाच्या रोखाने धावते. ती रीत ए-स्टार ह्या नावाने सर्वत्र प्रसिद्ध आहे.

पुतणीने पटावर चिंचोक्यांच्या मांडण्या रचून आमच्या हाती एक कवडी दिली आणि म्हणाली, "काका, तुम्ही ही त्या कोपऱ्यात न्या." आम्ही नेली. वाटेत एक बारकावा कळला तो असा. गाडी रिकामी असली की उभ्या मांडण्यांच्या खालून सरळ जाऊ शकते, कारण ती बसकी आहे. परंतु डोक्यावर मांडणी घेतली की तिला मोकळ्या गल्लीतूनच जावे लागते. जाताना एक वखार आणि येताना निराळीच वखार! इतकेच नव्हे, मांडणी होती तेथेच परत ठेविली पाहिजे असेही नाही. ज्या मालाला मागणी अधिक त्याच्या मांडण्या टेबलांजवळच्या रिकाम्या घरांत ठेवावयाच्या आणि कोणी न विचारणारा माल दूरच्या कोपऱ्यात न्यावयाचा. असे करता करता वखार कोणी मुद्दाम न आवरता आपोआप लागत जाते. आमच्या घरच्या माळ्यास हे कधी साधले नाही.

ह्यानंतर तिने पटावर दुसरी कवडी ठेविली, मग तिसरी, मग वीस.

प्रत्येक गाडीस प्रत्येक क्षणी पाच गोष्टी करता येतात. चार दिशांपैकी एकीकडे जाणे, अथवा थांबणे. दोन गाड्यांच्या मिळून पंचवीस चाली झाल्या, तिघींच्या एकशे पंचवीस. वीस गाड्यांच्या केवळ एका पावलाचे ९५ लाख कोटींहून अधिक पर्याय होतात. आम्ही हा गुणाकार दोनदा करून पाहिला. आणि वखारीत गाड्या वीस नसतात, शेकड्यांनी असतात. दोन गाड्या एका घरात येता कामा नयेत, समोरासमोरच्या गाड्यांनी एकमेकींच्या घरांची अदलाबदल करावयाची नाही, कारण त्या मध्येच आदळतील. हे सारे सांभाळून सर्वांत कमी वेळाचे वेळापत्रक बिनचूक काढणे हे गणिताच्या अति कठीण वर्गातील काम आहे, असे यू आणि लाव्हाल ह्यांनी २०१३ साली सिद्ध करून दाखविले.

येथे आमच्या नोकरीतील एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. आमची शाळा दुमजली होती आणि तिला दोन जिने होते. मधली सुट्टी पंधरा मिनिटांची. मुलांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून आम्ही हुशारीने नियम काढला की ज्या वर्गास जो जिना जवळ, त्याने त्याच जिन्याने उतरावे. प्रत्येक वर्गाच्या दृष्टीने तो नियम निर्दोष होता. परंतु वरचे पाच वर्ग एकाच जिन्याशी जवळ होते, आणि खालच्या मजल्यावरील मुले पाण्याच्या टाकीसाठी त्याच जिन्याने वर येत. तिसऱ्याच दिवशी वळणावर अशी दाटी झाली की कोणास पुढे जाता येईना की मागे. सहावीतील एक मुलगी पडली आणि तिचा हात मोडला. तिच्या वडिलांनी आम्हांस एक शब्द लावला नाही, हे अधिक लागले. दुसऱ्या दिवसापासून एक जिना चढण्याचा आणि एक उतरण्याचा केला, आणि पाचवीचा वर्ग एक मिनिट आधी सोडू लागलो. कित्येक वर्गांस फेरा पडला, कुरकुर झाली. परंतु अंगण पूर्वीपेक्षा लौकर भरू लागले.

पुतणीस हे सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, "काका, वखारीतही हेच करतात. गल्ल्या एकेरी करतात. आणि जागेबरोबर वेळही वाटून देतात."

हे 'वेळ वाटून देणे' नीट समजून घेण्यासारखे आहे. आपल्यापैकी कोकण रेल्वेने गावी जाणाऱ्यांस त्याचा अनुभव आहे. रोहे ते वीर हा टप्पा २०२१ साली दुहेरी झाला असला तरी पुढचा बहुतेक मार्ग एकेरीच आहे. दोन स्थानकांच्या मधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी. म्हणून आपली गाडी एखाद्या लहान स्थानकात निमूट उभी राहते, समोरून दुसरी येऊन बाजूच्या रुळावर शिरते, आणि मग आपली सुटते. उतारू वैतागतात, परंतु थांबणे हीदेखील त्या प्रवासातील एक चालच असते. वखारीत प्रत्येक घर हे एक लहानसे स्थानक आहे असे समजा. अमुक घर अमुक क्षणी अमुक गाडीचे, अशी संगणकाची एक वही असते. नवी गाडी आपली वाट आखताना ती वही पाहते आणि मोकळी घरे आणि मोकळे क्षण जोडीत जाते. डेव्हिड सिल्व्हर ह्यांनी २००५ साली ही रीत अनेक गाड्यांच्या एकत्र प्रवासासाठी व्यवस्थित मांडली.

मात्र वहीत आधी कोणी लिहावयाचे? सर्वांत सोपा मार्ग वडीलकीचा. गाड्यांस मानाचा क्रम लावावा. पहिलीने हवी ती वाट घ्यावी, दुसरीने पहिलीस सांभाळून, तिसरीने दोघींस सांभाळून. १९८७ साली अर्डमन आणि लोझानो-पेरेझ ह्यांनी ही पद्धत मांडली. ती वेगाने उरकते, म्हणून अजून वापरात आहे. तिच्यातील उणेही आपल्या घरोघरी ठाऊक असलेलेच आहे. शेवटच्या नंबराच्या गाडीस कधी कधी वाटच उरत नाही. पटावर पुतणीने धाकटी कवडी बंद गल्लीच्या आत ठेविली आणि थोरली गल्लीच्या तोंडाशी, आत जाऊ पाहणारी. थोरली सरळ आत शिरणार, कारण तिचा मान पहिला. मग धाकटी बाहेर कशी पडणार? थोरलीने एक पाऊल मागे घेतले असते तर दोघींचे काम दोन क्षणांत झाले असते.

ह्यावर तोड म्हणून २०१२ साली इस्राएलमधील बेन-गुरियन विद्यापीठातील गुनी शारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी रीत काढली, ती आम्हांस सर्वांत अधिक आवडली. प्रथम प्रत्येक गाडीस सांगावयाचे की तू एकटीच आहेस असे समजून आपली उत्तम वाट काढ. मग साऱ्या वाटा एकत्र ठेवून पहिला तंटा कोठे होतो ते पाहावयाचे. समजा तिसऱ्या आणि सातव्या गाडीचा एका घरावर एकाच क्षणी तंटा आहे. तर दोन पर्याय लिहावयाचे, तिसरीने ते घर सोडले तर एकूण वेळ किती वाढतो आणि सातवीने सोडले तर किती. ज्यात सर्वांचा मिळून तोटा कमी, तो पर्याय आधी पुढे न्यावयाचा, पुढचा तंटा काढावयाचा, आणि हिशोब चुकतोसे दिसल्यास मागे येऊन दुसरा पर्याय पाहावयाचा. म्हणजे मान कोणाचाच आगाऊ ठरलेला नाही. ज्याला वाट देणे स्वस्त पडते तो वाट देतो. गावच्या पंचांनी बांधाच्या तंट्यात असा हिशोब केला असता तर किती कज्जे वाचले असते, असे आमच्या मनात आले, असो.

ह्या रीतीने निघालेले उत्तर अचूक असते, परंतु गाड्या फार झाल्या की तंटेही फार होतात आणि संगणकास वेळ पुरत नाही. शिवाय वखारीचे काम कधी संपत नाही; एक मांडणी पोहोचते न पोहोचते तोच दुसरी मागणी येते. म्हणून सबंध दिवसाची वाट न आखता पुढच्या काही पावलांपुरतेच तंटे मिटवावयाचे, तेवढे चालावयाचे आणि पुन्हा आखावयाचे. २०२१ साली जिआओयांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर रचलेल्या वखारीत ह्या मार्गाने १००० गाड्या चालवून दाखविल्या. चाक घसरते, बॅटरी उतरते, गाडी क्षणभर मागे पडते. तेव्हा घड्याळाचा हट्ट न धरता त्या घरातून आधी कोण आणि मागून कोण, एवढा क्रम कायम ठेवण्याकडेही लक्ष द्यावे लागते. पहिली उशिरा आली तर दुसरी थांबते, परंतु दोघी आदळत नाहीत.

ह्या जपणुकीचे मोल इंग्लंडमध्ये २०२१ सालच्या जुलैत दिसले. लंडनमध्ये एरिथ येथे ओकाडो कंपनीची वाणसामानाची वखार आहे. तेथे मालाच्या टोपल्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्या माथ्यावरील जाळीवर गाड्या धावतात. त्यांपैकी तीन एकमेकींवर आदळल्या आणि आग लागली. काही काळ वखारीचे काम बंद ठेवावे लागले आणि हजारो घरांच्या मागण्या खोळंबल्या.

ॲमेझॉनने २०२५ साली आपल्या वखारींतील यंत्रांची संख्या दहा लक्ष झाल्याचे जाहीर केले, आणि त्यांच्या वाहतुकीसाठी आणलेल्या नव्या प्रणालीने प्रवासाचा वेळ १० टक्क्यांनी वाचेल असेही सांगितले. आपल्या देशातही हे केवळ ऐकीव राहिलेले नाही. फ्लिपकार्टने २०१९ साली बंगळूरजवळ पुडकी निवडण्यासाठी अशा गाड्या लाविल्या, आणि त्याच वर्षी स्थापन झालेली अनबॉक्स रोबोटिक्स ही कंपनी अशीच यंत्रे तयार करते.

आता पंगतीतील त्या प्रश्नाकडे येतो.

चालण्याचे काम जेथे गाड्यांकडे गेले, तेथे ते माणसाकडे परत आलेले नाही. हे आम्ही गोड करून सांगणार नाही. जेथे ही पद्धत आली तेथे माणूस टेबलाशी उभा राहतो, मांडण्या त्याच्यापुढे येत राहतात, दिवा दाखवील त्या खणातून वस्तू काढावयाची. पाय वाचले, परंतु पूर्वी एका मांडणीपासून दुसऱ्या मांडणीपर्यंत जाताना जो श्वास घेता येत असे तोही गेला. अमेरिकेतील रिव्हील ह्या शोधपत्रकारितेच्या संस्थेने २०२० साली ॲमेझॉनच्या नोंदींवरून असे दाखविले की यंत्रे असलेल्या वखारींत दुखापतींचे प्रमाण इतर वखारींहून अधिक होते. कंपनीने तो अर्थ मान्य केला नाही. परंतु वाटा आखणाऱ्या गणितात गाड्यांचा खोळंबा मोजला जातो, उभ्या माणसाच्या मनगटाचा थकवा त्या बेरजेत आपोआप येत नाही. तो कोणीतरी मुद्दाम घातला पाहिजे. पुतणीस आम्ही हे विचारले तेव्हा ती पटाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "घालता येतो, काका. घाला असे कोणी सांगत नाही." आपल्या राज्यात माथाडी, हमाल व अन्य श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ सालचा कायदा आहे. पाठीवरील ओझ्याच्या काळात तो झाला. टेबलाशी किती वेगाने मांडण्या याव्यात, हा प्रश्न त्याच निष्ठेने कोणी विचारावयास हवा आणि तो विचारणाऱ्यास हे गणित थोडेबहुत कळावयास हवे.

आणखी एक चित्र आमच्या मनातून जात नाही. गाड्यांच्या आवारात एखादी वस्तू पडली किंवा गाडी बंद पडली तर माणसास आत जावे लागते. ॲमेझॉनमध्ये त्यासाठी एक विशेष पट्टा अंगावर घालतात. त्याच्या संदेशाने गाड्यांस कळते की येथे मनुष्य आहे. त्या मंदावतात, वाट वळवितात. पटावर तो मनुष्य म्हणजे काही काळ बंद केलेले घर. परंतु त्याच्यावाचून सारा पट अडून राहतो. पडलेली वस्तू उचलणारा, चाके आणि बॅटऱ्या दुरुस्त करणारा, कोंडी कोठे होते हे पाहून गल्लीची दिशा बदलण्याची सूचना करणारा माणूस ह्या वखारींस लागतोच. पूर्वीइतकी माणसे लागत नाहीत, आणि पूर्वीचीच माणसे लागतात असेही नाही. ज्यास वखारीच्या गल्ल्या पायांनी पाठ आहेत, त्यास हे काम शिकविणे कठीण नाही, एवढे आम्ही शिक्षक ह्या नात्याने छातीठोकपणे सांगतो. त्यासाठी पदवी लागत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिक्षण आणि थोडे बैठे गणित पुरते.

ह्यास्तव दुपारच्या सत्रात शिष्यवृत्तीच्या नियमातील जी दुरुस्ती मतास येणार आहे, तीस आमचा पाठिंबा आहे. आजवर आपला निधी पदवीच्या विद्यार्थ्यांपुरता राखीव आहे. तो औद्योगिक प्रशिक्षण घेणाऱ्या मुलामुलींस आणि नोकरीत असता नवे काम शिकू पाहणाऱ्या प्रौढ सभासदांसही मिळावा, अशी ती दुरुस्ती आहे. निधी तोकडा आहे, वाटेकरी वाढले की डॉक्टरकीच्या मुलास कमी मिळेल, असा कोषाध्यक्षांचा आक्षेप आहे. आक्षेप खोटा नाही. आमची त्यांस विनंती एवढीच, की दोन्ही पर्यायांचा हिशोब कागदावर मांडून तो सभेपुढे ठेवावा आणि मगच मते घ्यावीत.

ते आमचे जुने विद्यार्थी आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. उत्तरास एक वर्ष उशीर झाला, आणि तेही अर्धेच आहे, ह्याबद्दल आम्ही त्यांची क्षमा मागतो. बाहेर ओसरीवरील मेजावर पुतणीने पट मांडून ठेविला आहे. एक अरुंद गल्ली, तीत एकच कोनाडा, आणि समोरासमोर चार कवड्या. दोन्ही बाजूंच्या कवड्या पलीकडे न्यावयाच्या आहेत. ज्यांस हौस असेल त्यांनी पाहावे, लहान मुलांनी तर अवश्य.

भोजनाची घंटा आता होईल. ह्या सभागृहासही दोन जिने आहेत. मंडळींनी डाव्या जिन्याने उतरावे. उजवा जिना वाढप्यांसाठी मोकळा ठेवावा.